उन्हाची पुडी आणि रोजची गोळी

कापूस वेचायला जाताना आम्ही बायका अंगाचा बोटभरही भाग उघडा ठेवत नाही. साडी, तिच्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून आणि तोंडावरून दुपट्टा गुंडाळून मागे गाठ. हातात जुने पायमोजे, बोटांकडून कापलेले. दिसतात ते फक्त डोळे आणि बोटांची टोकं. हे सगळं उन्हासाठीच असतं असं नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या ओरखडतात, वाळलेल्या बोंडांची टोकं टोचतात, फवारलेल्या औषधाने अंगाला खाज सुटते. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच हंगामात माझ्या मोठ्या जावेने मला एक शर्ट दिला आणि दुपट्ट्याची गाठ कशी मारायची ते शिकवलं. तेव्हापासून दरवर्षी आम्ही दोघी शेजारशेजारच्या ओळी धरून वेचतो.

जावेला मी बाई म्हणते. ती मला लहानी म्हणते. दोन घरं, मधे एक भिंत आणि पुढे एकच अंगण. बाई बोलकी आणि मी अबोल. मला लहानपणापासूनच बोलणं जमत नाही. चौथीपर्यंत शाळेत होते, तेव्हाही गुरुजींनी विचारलं की उत्तर येत असून मी उभी राहून नुसती पाटी पुढे करायची. लग्नानंतर माझं बोलायचं काम बाईने घेतलं. दुकानात, बचत गटात, पौर्णिमेला विहारात बायका जमल्या की तिथे, सगळीकडे माझ्या वाटचं तीच बोलायची. "लहानीचं डोकं दुखून राह्यलं." "लहानीले ह्या रंगाची नाई पाह्यजे." ती सांगायची ते बरोबरच असायचं, म्हणून मलाही कधी बोलावंसं वाटलं नाही.

तिचा नवरा म्हणजे माझे भासरे. नवऱ्याच्या मोठ्या भावाशी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. ते समोर आले की डोक्यावर पदर घ्यायचा, बाजूला व्हायचं, तोंड उघडायचं नाही. आताच्या सुना हे पाळत नाहीत आणि ते बरंच आहे. मी आले तेव्हा पाळत होते. एकदा वीस-बावीस वर्षं एखाद्याशी बोललो नाही की सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेसुद्धा मी कधी ठरवलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. आमच्यात राग नव्हता, भांडण नव्हतं. माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते यवतमाळला तीन दिवस दवाखान्याच्या ओट्यावर झोपले होते. पण आत येऊन 'कसं आहे' एवढं त्यांनी विचारलं नाही. ते बाईने येऊन विचारलं आणि माझं उत्तर तिनेच त्यांना बाहेर नेऊन सांगितलं.

बाई घरात नसली आणि काही सांगायचं असलं तर अंगणात बकरी बांधलेली असायची. भासरे तिच्याकडे पाहून म्हणायचे, "मोटर बंद करा म्हना, लाइन जाऊन राह्यली." मी बकरीपुढे पाला टाकत म्हणायचे, "केली म्हना." बाईने हे एकदा भिंतीपलीकडून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "ह्या बकरीले सरपंच करा बापा. साऱ्या घराचे निरोप इच्याजवळच राह्यते."

ते दिवस दुसऱ्या वेचणीचे होते, म्हणजे डिसेंबर नुकताच लागला होता. दुपारची भाकर खाऊन आम्ही परत ओळी धरल्या होत्या. बाई मला एका लग्नातली गोष्ट सांगत होती. तिथल्या व्याह्याने चौथ्यांदा भात मागितला आणि वाढणारीने पातेलंच त्याच्यापुढे ठेवलं. सांगता सांगता तिचे शब्द तोंडात घोळायला लागले. दुपट्टा तोंडात जात असेल असं मला वाटलं. आम्हा सगळ्यांचं बोलणं वेचताना तसंच कापडातून यायचं. मी ओळ पुढे काढत राहिले. थोड्या वेळाने तिचं बोलणं बंद झालं. तेव्हा मी वळून पाहिलं. ती उभी होती, पण उजव्या हातातला कापूस झोळीत न जाता खाली पडत होता, आणि ती त्या हाताकडे पाहत होती. मग खाली बसली.

मी धावत जाऊन तिची गाठ सोडली. दुपट्टा काढल्यावर दिसलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ते किती वेळापासून तसं होतं कोणास ठाऊक. तोंड बांधलेलं असल्यामुळे मला दिसलंच नाही. ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

बायका जमल्या. "वारं गेलं वं हिच्या अंगावरून." "लकवा हाय हा. कांदा हुंगवा." "पानी पाजू नका, ठसका लागन." शेतमालकाच्या गाडीतून तिला दारव्ह्याला नेलं, तिथून यवतमाळला. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ अडकली आहे, आणि बीपी फार वाढलेला आहे. नर्सने तो दोनदा मोजला होता, कारण पहिल्यांदा तिचाच विश्वास बसला नाही. बाईला आधीपासून बीपी होता की नाही हे आम्हाला सांगता आलं नाही. तिने तो कधी मोजलाच नव्हता.

आठ दिवसांनी ती घरी आली. उजवा हात उचलला जात नव्हता, पाय ओढला जात होता. आणि बोलणं गेलं होतं. सगळं समजायचं तिला, पण तोंडातून एकच शब्द यायचा, "नाई." भूक लागली तरी नाई, पोट भरलं तरी नाई. कोणता नाई कशाचा, ते मी आवाजावरून ओळखायला शिकले. माझ्या वाटचं बोलणारी ती, आणि आता तिच्या वाटचं बोलायला घरात मीच होते.

आमच्याकडे लकवा झालेल्या माणसाला वारं लागू देत नाहीत. वाऱ्यानेच लकवा येतो असं जुने लोक सांगतात. भासऱ्यांनी बाईच्या खोलीच्या खिडकीला पोती ठोकली, दाराला चादर लावली, तिच्या डोक्याला फडकं बांधलं. दिवसा दिवा लावावा लागायचा. त्या खोलीत ती दोन महिने राहिली. मी जेवण भरवायला, तेल चोळायला आणि अंग पुसायला जायची. गोळ्या मात्र भासरे स्वतः द्यायचे. सकाळी चहानंतर फळीवरचा डबा काढायचे, दोन गोळ्या तळहातावर घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि तिने गिळेपर्यंत उठायचे नाहीत. एवढं एक काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. त्यांची एकुलती लेक पुसदला दिलेली. ती तेव्हा बाळंतीण होती, म्हणून तिला फार काही कळवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

फेब्रुवारीत बाईची हाडं दुखायला लागली. उभं केलं की ती रडायची आणि कमरेवर हात ठेवून "नाई नाई" करायची. म्हणून भासरे तिला दारव्ह्याला एका डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेले. बाईला धरायला कोणीतरी हवं म्हणून मीही गेले. जीपमध्ये ते पुढे बसले, आम्ही मागे. रक्त तपासायला दिलं आणि दोन दिवसांनी रिपोर्ट घ्यायला परत गेलो.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती. रिपोर्ट पाहून म्हणाली, "यांच्यात ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. ते उन्हातून मिळतं. या घरातच असतात का?"

भासरे म्हणाले, "घरात कायची, मॅडम? जिंदगीभर वावरात राबली. उन्हातच गेली सारी."

"काय घालून काम करायच्या?"

भासरे माझ्याकडे न पाहता थांबले. मला उत्तर येत होतं. शर्ट, दुपट्टा, मोजे. मी बाईच्या खांद्यावरून हात फिरवून मनगटापर्यंत आणला आणि मग माझं तोंड पदराने झाकून दाखवलं. डॉक्टरीणबाई हसली. "म्हणजे ऊन शर्टाला लागलं, अंगाला नाही. आणि आता?"

खोलीला पोती लावल्याचं भासऱ्यांनी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, वाऱ्याने लकवा येत नाही, ती पोती आजच काढा. मग भासऱ्यांनी विचारलं, "मंग मॅडम, हा लकवा त्याच्यानंच आला का? ऊन कमी पडल्यानं?"

ती म्हणाली, "ज्यांना लकवा होतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या रक्तात हे कमी सापडतं, असं दिसून आलं आहे."

तेवढ्यात भासऱ्यांचा फोन वाजला. ट्रॅक्टरवाल्याचा होता, तो दोन दिवसांपासून त्यांना सापडत नव्हता. ते "हो, हो, बोल" करत बाहेर गेले. डॉक्टरीणबाई थांबली नाही. बाहेर रांग होती. तिने माझ्याकडे वळून पुढचं सांगितलं.

"पण काकू, कमी सापडतं म्हणजे त्यामुळेच झालं असं नाही. आजारी माणूस घरात पडून राहतो म्हणूनही ते कमी होतं. कोणतं आधी, ते मला नक्की सांगता येणार नाही. आणि ते भरून काढलं की लकवा परत येणार नाही, असंही धरून चालू नका. ही पुडी हाडांसाठी आहे. आठवड्यातून एकदा दुधात. रोज दहाच्या सुमारास अर्धा तास हातपाय उघडे ठेवून उन्हात बसवा. पण लकवा परत येऊ नये म्हणून ही बीपीची गोळी आणि ही रक्त पातळ करायची, या दोन रोज. एक दिवसही चुकवायच्या नाहीत. समजलं?"

मी मान हलवली.

भासरे आत आले तेव्हा ती चिठ्ठी लिहीत होती. "काकूंना सांगितलं आहे सगळं," ती म्हणाली. भासरे म्हणाले, "समजलं, मॅडम." त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. काकूंना सांगितलं म्हणजे त्यांना समजेल असं तिला वाटलं. आमच्याकडचा रिवाज तिला काय माहीत!

घरी आल्याबरोबर भासऱ्यांनी पोती काढली. इतक्या दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. त्यांना कारण सापडलं होतं. दोन महिने ते स्वतःला विचारत होते, असं कसं झालं, कोणाचं काय चुकलं. आता सांगायला काहीतरी होतं. त्यांनी बाईची खाट अंगणाच्या मधोमध टाकली आणि तिला नऊला उन्हात बसवून दोनपर्यंत उठू दिलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ऊन कमी पडलं हिच्या अंगात. मॅडमनं रिपोर्टच दाखवला." लोक रिपोर्ट पाहायला यायचे. वाचता कोणालाच येत नव्हता, पण त्यातला एक आकडा ठळक छापलेला होता, त्यावर बोट ठेवायचे.

गावात ते ऊन पसरलं. विहाराच्या ओट्यावर म्हातारे शर्ट काढून बसायला लागले. शेजारची म्हातारी पाय उघडे करून आमच्याच अंगणात यायची. मला म्हणायची, "ये वं लहाने, बस. भासऱ्याच्या घरचं ऊन फुकट हाय." बाई हसायची. तिचं अर्धंच तोंड हसायचं, पण हसायची.

पुडीचंही नीट चालू होतं. गोळ्या घरी होत्या म्हणून चिठ्ठीवरच्या पुड्याच तेवढ्या घेतल्या होत्या, आणि औषधवाल्याने आठवड्यातून एकदा दुधात असं सांगितलं, म्हणून भासऱ्यांनी बाजाराचा दिवस धरला. बाजारातून आले की पिशवी ठेवायच्या आधी दूध तापवायला सांगायचे. एकदाही चुकले नाहीत. त्यांनी काळजी घेतली नाही असं मी म्हणणार नाही. जेवढं ऐकलं होतं तेवढं त्यांनी जीव लावून केलं.

पंधरा दिवसांनी मी अंगण झाडत होते तेव्हा त्यांनी गोळ्यांचा डबा खाली काढला. शेवटच्या दोन गोळ्या बाईला दिल्या, रिकामी पाकिटं चुलीत टाकली आणि डबा धुऊन उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी गोळी दिली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या म्हातारीला सांगत होते, "आता कायले त्या गरम गोळ्या? मूळच सापडलं. पोट जाळते त्या."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

मी आमच्या नेहमीच्या पद्धतीने सांगायचं ठरवलं. संध्याकाळी ते अंगणात आले तेव्हा मी बकरीला म्हणाले, "गोळ्या संपल्या म्हना."

ते बकरीला म्हणाले, "नाई लागत म्हना आता. ऊन आहे." आणि बैल बांधायला गेले.

तेव्हा मला एक गोष्ट समजली. अशा बोलण्यात निरोप देता येतो, भांडता येत नाही. मोटर बंद करा, चहा ठेवा, पाहुणे आले, एवढं चालतं. तुमचं चुकलं, हे त्यात बसत नाही.

माझा नवरा हंगामात दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात कामाला असतो, सुट्टीला घरी येतो. त्या सुट्टीला मी त्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "दादा होता ना तिथं?"

"अर्धं ऐकलं त्याईनं. मंग फोन आला."

"आन् तू पुरं ऐकलं?"

"ऐकलं."

"तू डॉक्टर हायस का वं? चौथी शिकली तं लय झालं." पण तो गेला भावाकडे. मी भिंतीशी उभी राहून ऐकलं. भासरे म्हणाले, "अरे, मॅडमनं मले सांगतलं. मी होतो ना तिथं. तू कायले टेन्शन घेतं?" दोघांनी मिळून चहा घेतला. माझा नवरा परत येऊन म्हणाला, "दादा म्हनते तसंच असन." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने तो दिग्रसला गेला.

स्वतः जाऊन गोळ्या आणाव्यात असंही मनात आलं. पण चिठ्ठी भासऱ्यांच्या खिशात होती आणि पाकिटं चुलीत गेली होती. औषधाच्या दुकानात जाऊन मी काय मागणार होते? एक पांढरी आणि एक पिवळी? रोज सकाळी बाईला भरवताना मी तिचं तोंड पाहायची, सरळ आहे की नाही. तिला कळायचं मी काय पाहते ते. ती डाव्या हाताने फळीकडे बोट दाखवायची, जिथे डबा होता, आणि म्हणायची, "नाई?" तिलाही माहीत होतं. त्या दवाखान्यात तीही होती, तिनेही सगळं ऐकलं होतं. तिला बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

असे एकवीस दिवस गेले. मी मोजले होते.

मार्च निम्मा झाला होता. बाई खाटेवर बसून होती, साडेदहा-अकरा झाले असतील. तिचा उजवा पाय आता जमिनीला टेकायला लागला होता, धरून चार पावलं चालायची. मी तिला पाणी दिलं. तिने भांडं डाव्या हातात घेतलं, प्यायली, आणि पाणी उजव्या बाजूने ओघळायला लागलं. मी तोंडाकडे पाहिलं. ते पुन्हा ओढलं गेलं होतं, वेचणीच्या दिवशी होतं तसं. पाय सैल पडला होता. मी ओरडले असेन, कारण भासरे गोठ्यातून धावत आले.

"ऊन लागलं," ते म्हणाले. "डोक्यावर पानी मारा म्हना." आणि तिला धरून सावलीत न्यायला लागले.

मी त्यांच्या आडवी झाले. पदर डोक्यावर होता की नाही ते मला आठवत नाही.

"ऐका," मी म्हणाले. "ऊन नाई लागलं. लकवाच हाय हा. गोळ्या बंद केल्या म्हनून आला."

ते इकडेतिकडे पाहायला लागले, जणू तिसरंच कोणी बोललं. "कोन?" ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे सरळ असं पाहिलं नव्हतं.

"मॅडमनं सांगतलं, गोळ्या रोज. एक दिवस चुकवाच्या नाई. पुडी हाडाची हाय, लकव्याची नाई. तुम्ही फोनवर बाहेर होते. मी आत होते."

"मंग तू काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं. बकरीले सांगतलं. तुमच्या भावाले सांगतलं."

मला वाटलं आता ते रागावतील. पण ते म्हणाले, "जीप आन. मोठ्या रस्त्यावर उभी असन. जा."

मी चप्पल न घालता पळाले. जीपवाल्याशीही मीच बोलले.

दारव्ह्याला पोहोचेपर्यंत बाईचं तोंड हळूहळू सरळ झालं होतं, पायात जीव आला होता. भासरे म्हणाले, "आता बरी दिसते." मी म्हणाले, "दाखवू." डॉक्टरीणबाईने बीपी मोजला, पट्टा सोडला आणि विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

भासरे खाली पाहत होते. मी म्हणाले, "एकवीस दिवस बंद हाय."

ती रागावली. रागावणं बरोबरच होतं. भासऱ्यांनी ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं की काही वेळा लकवा असा येऊन थोड्या वेळात उतरतो, पण तो मोठ्या लकव्याच्या आधी येणारा असू शकतो, बरं वाटलं म्हणून माणसाला घरी न्यायचं नसतं. तिने चिठ्ठी देऊन लगेच यवतमाळला पाठवलं. तिथे तीन दिवस ठेवलं. भासरे यावेळी ओट्यावर झोपले नाहीत, आत वॉर्डात आले. नर्स काही सांगायला लागली की ते मला हाताने बोलवायचे, "इकडं ये, ऐक." आणि नर्स गेली की विचारायचे, "काय म्हनली?" मी सांगायची. ते पुन्हा एकदा विचारायचे. फोन आला तर बंद करून खिशात ठेवायचे.

बाई खाटेवरून हे पाहायची. तिचा नवरा आणि तिची जाऊ समोरासमोर उभे राहून बोलत आहेत, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती हसायला लागली, इतकी की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने विचारलं, "काय झालं हिले?" भासरे लाजले आणि पाणी आणायला निघून गेले.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आहेत. बाईचा हात पूर्ण आला नाही. वेचणीला ती येत नाही. बोलणं थोडं आलं आहे. दोन-तीन शब्द जोडते, त्यातले निम्मे मला टोमणे असतात. "लहानी, भाजी खारट." भाजी खारट नसते. हाडं दुखायची थांबली. तो पुडीचा आणि उन्हाचा गुण, असं डॉक्टरीणबाईही म्हणते. पुड्या संपल्यावर पुन्हा रक्त तपासलं आणि मग महिन्यातून एकच पुडी सांगितली. ऊन अर्धा तासच. लकवा कशाने आला होता, त्यात उन्हाचा वाटा होता की नव्हता, हे भासऱ्यांनी तिला पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, बीपी हे मोठं कारण, बाकीचं नक्की सांगता येत नाही.

भासरे अजून लोकांना उन्हाचीच गोष्ट सांगतात. पोती, शर्ट, दुपट्टा, रिपोर्टातला आकडा. ती ऐकायला चांगली आहे. गोळीची गोष्ट सांगण्यासारखी नसते, रोज घ्यायची, एवढीच. मी चारचौघात त्यांना अडवत नाही. पण वेचणीला आम्ही बायका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भाकर खायला बसतो तेव्हा मी आता तोंडावरचा दुपट्टा सोडते आणि दुसऱ्यांनाही सोडायला सांगते. उन्हासाठी सोडतो, असं त्या म्हणतात. मी तेवढा वेळ एकेकीचं तोंड पाहून घेते. आणि आरोग्य उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून या म्हणून सांगते. दोघी जाऊन आल्या. एकीला गोळी सुरू झाली.

भासऱ्यांचं आणि माझं आता बोलणं सुरू झालं आहे असं मात्र नाही. बाकी सगळं पूर्वीसारखंच आहे. ते खाकरून अंगणात येतात, मी बाजूला होते. चहा, मोटर, पाहुणे, हे अजून 'म्हना' वरच चालतं. फक्त सकाळी, गोळ्या आता माझ्याकडे असतात म्हणून, ते दारात उभे राहून सरळ मला विचारतात, "गोळी देल्ली?" मी म्हणते, "देल्ली." ते वावरात जातात.

मागच्या महिन्यात ते नातवाला भेटायला पुसदला गेले होते, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईची वेणी घालत होते तेव्हा माझा फोन वाजला. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही, त्यामुळे नाव दिसलं नाही. मी उचलला. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"गोळी?"

"देल्ली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

फोन बंद झाला. बाईने विचारलं, "कोन?" मी सांगितलं. तिने आरसा खाली ठेवला आणि म्हणाली, "मले नाई विचारलं."